बदकाचं पाऊल

लुबेर, ४ फेब्रुवारी १९७४

मादाम सोलांज क्रेस्त्या यांना,

हे पत्र मी फादर काझो यांच्या सांगण्यावरून लिहिते आहे, स्वतःच्या मर्जीने नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, म्हणजे तुम्हाला गैरसमजाचं सुख नको.

आपल्या चर्चचं छप्पर दुरुस्त होत आलं आहे. जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाला बिशप येऊन त्याला आशीर्वाद देतील. त्या दिवशी लोकांना द्यायला चर्चच्या इतिहासाची लहानशी पुस्तिका हवी. मी म्हटलं, मी लिहीन. फादर म्हणाले, "ओदील, तुझं अक्षर सुंदर आहे, पण इतिहास तुझ्या वहिनीला लिहू दे. बोर्दोच्या शाळेत तिने जन्मभर तोच शिकवला." वहिनी हा शब्द त्यांचा. माझ्या भावाला, ल्युस्यांला पुरल्यापासून मी तो वापरलेला नाही, आणि त्याआधीही फारसा नाही.

कमानी कुठल्या शतकातल्या, धर्मयुद्धात आग कुणी लावली, हे तुम्हाला पुस्तकांत सापडेल. जे सापडणार नाही ते मी देते. ते जसंच्या तसं घालायचं.

आमचं घराणं या खोऱ्यातलं पहिलं ख्रिस्ती घराणं. नावातच आहे: क्रेस्त्या म्हणजे ख्रिस्ती. म्हणून आम्हाला चर्चमध्ये असा मान होता की जो जमीनदारालाही नव्हता. तो आपला मोठ्या दाराने, गावाच्या गर्दीतून यायचा. आमच्यासाठी उत्तरेच्या भिंतीत वेगळा दरवाजा. बुटका आहे आणि आता दगडांनी बुजवला आहे, पण चौकट स्पष्ट दिसते. आत शिरल्यावर पवित्र पाण्याचं छोटं कुंड, तेही आमचंच; दुसरं कुणी त्यात बोट बुडवायचं नाही. आजी सांगायची, रविवारची मिस्सा-प्रार्थना झाल्यावर आशीर्वादाच्या पावासाठी सगळ्यांना पुढे जाऊन गर्दी करावी लागे. आमचा पाव मात्र लांब लाकडी काठीच्या टोकाला लावून जागेवर पोचवला जाई, आम्हाला उठायला लागू नये म्हणून. दफनभूमीतही आमचा कोपरा निराळा. आणि त्या दरवाजाच्या माथ्यावर आमच्या घराण्याचं चिन्ह कोरलेलं आहे, बदकाचं पाऊल. ते तुम्हाला ओळखीचं असेल. मी ते भरलेल्या नॅपकिनांना तुम्ही वर्षानुवर्षं तोंड पुसलंत.

गवंडी पार्दो एक शिळा घडवणार आहे. वर बदकाचं पाऊल, खाली "क्रेस्त्या, या खोऱ्यातलं पहिलं ख्रिस्ती घराणं". ती मोठ्या दाराशी बसेल आणि बिशप तिच्यावरचं कापड काढतील. मला मूल नाही. ल्युस्यांलाही तुमच्यापासून झालं नाही. हे नाव माझ्याबरोबर संपणार. तुमच्याकडे आहे ते लग्नाने आलेलं, ते मी धरत नाही. नाव निदान दगडावर राहावं एवढीच माझी इच्छा आहे.

ईस्टरपर्यंत मजकूर पाठवा.

ओदील क्रेस्त्या


बोर्दो, ११ फेब्रुवारी १९७४

ओदील,

तू मला "तुम्ही" म्हणतेस. एके काळी आपण एका बाकावर बसून एकाच दौतीत टाक बुडवायचो. पण तुझी मर्जी. मी मात्र "तू"च म्हणणार, या वयात नव्या सवयी लागत नाहीत.

फादरांना सांग, मी लिहीन. मजकूर सोबत आहे. माझ्याकडे तो बराचसा तयारच होता, कारण ल्युस्यां आजारी असताना मी त्याला तोच वाचून दाखवायची. वेदीमागची जुनी अर्धगोल भिंत, घंटांचा मनोरा, आग, आगीनंतर ओक आणि चेस्टनटच्या लाकडात नव्याने उभारलेलं छप्पर. त्या छपरावर मी दोन पानं लिहिली आहेत. उलट्या नावेसारखं ते छप्पर सबंध तुमच्या घराण्यातल्या सुतारांनी बांधलं, आणि तसं मी नाव घेऊन लिहिलं आहे. त्याचा अभिमान तुला हवा तेवढा बाळग.

दरवाजा, कुंड, काठीवरचा पाव आणि बदकाचं पाऊल यांबद्दल मी काही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. शिळाही बसवू नये असं माझं मत आहे. कारण विचारू नकोस.

सोलांज


लुबेर, १९ फेब्रुवारी १९७४

मादाम,

कारण मी विचारत नाही, कारण ते मला माहीत आहे. तुम्ही माहेरच्या पुयू. तुमच्या आईने आमच्या अख्ख्या गावाचे कपडे धुतले. यात कमीपणा काही नाही, साबण सगळ्यांनाच लागतो. पण आमच्याकडे जे होतं ते तुमच्याकडे नव्हतं, आणि ते तुम्हाला आजही खुपतं.

जुन्या दिवसांचा विषय तुम्ही काढलाच आहेत तर मीही काढते. युद्धाच्या आधीचा तो वसंत. आर्मां लाबोर्दशी माझं ठरत आलं होतं. पलीकडच्या खोऱ्यातून आलेली माणसं, गिरणी विकत घेतलेली, आर्मां तर भोळाच. त्याची आई मला पाहायला येणार होती. आदल्या संध्याकाळी तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात. तुम्हाला गिरणीच्या पायऱ्या उतरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मादाम लाबोर्द आली. मी सगळं नीट केलं होतं. केक फुगला होता. माझ्या हातचे, बदकाच्या पावलाचे नॅपकिन मांडले होते. तिने विचारलं, "हे काय भरलंयस पोरी?" मी सांगितलं. दरवाजाचं सांगितलं, कुंडाचं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "जरा जवळ ये." मला वाटलं गालाचा मुका घेणार. तिने माझा कान धरला. ओढला नाही. बाजारात कापड चाचपतात तसा कानाचा खालचा भाग दोन बोटांत धरून चाचपला. आधी एक, मग दुसरा. मग हातमोजे घातले आणि गेली. आठवड्याच्या आत आर्मांचा निरोप आला, घरून परवानगी नाही. तो ते वर्ष संपायच्या आत दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला, आणि तुम्ही माझ्या भावाशी.

आदल्या संध्याकाळी तुम्ही तिच्या कानात काय घातलंत, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारते आहे. आणि उत्तर नसेल तर शिळेबद्दल मत देऊ नका.

पार्दोला मी दगड निवडून दिला आहे. तो बुजवलेला दरवाजाही मी उघडून घेणार आहे. सणाच्या दिवशी बिशप मोठ्या दाराने येतील आणि मी माझ्या दाराने.

ओदील क्रेस्त्या


बोर्दो, ६ मार्च १९७४

ओदील,

त्या संध्याकाळी मी लाबोर्दांच्या घरी आईने धुतलेल्या चादरी पोचवायला गेले होते. तुझ्याबद्दल एवढंच बोलले की तुझ्या हातचा केक बहुतेक वेळा बसतो, पण मन चांगलं आहे. यातलं पहिलं खरं होतं. दुसऱ्याबद्दल आता मला शंका आहे.

तू माझ्या आईच्या साबणावर आलीस. ठीक. ती तुमच्या घरी कपडे घ्यायला यायची तेव्हा तुझी आई तिला खुर्ची द्यायची, तिच्यासोबत बसून कॉफी प्यायची. गावात दुसरं कुणी देत नव्हतं. तू तुझ्या आईवर गेली नाहीस.

मी हे शेवटचं लिहिते आहे. शिळा बसवू नकोस. बदकाचं पाऊल तर बिलकूल नको. दरवाजा जसा आहे तसा राहू दे. का, ते मी सांगणार नाही, कारण ल्युस्यांला मी तसा शब्द दिला होता. हवं तर गावात सांग की सोलांज जळते, सोलांज खोटारडी आहे, म्हातारपणी तिचं डोकं फिरलंय. मी नाही म्हणायला येणार नाही. फक्त ते पाऊल दगडावर कोरू नकोस.

सोलांज


लुबेर, १४ मार्च १९७४

मादाम,

माझ्या भावाने तुम्हाला शब्द द्यायला लावला, माझ्याविरुद्ध? तो मेला आहे म्हणून त्याच्या तोंडी काहीही घालायची सोय झाली. तो असता तर शिळा स्वतःच्या खांद्यावरून वाहून आणली असती त्याने.

तुमचं पत्र मी फादरांना वाचायला दिलं, तुमचा स्वभाव कळावा म्हणून. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "यंदा पीचला मोहोर लवकर आलाय." मी म्हटलं, "फादर, मी पीचचं विचारलेलं नाही." ते म्हणाले, "हो, हो," आणि घंटा वाजवायला गेले. घंटेची वेळ झालेली नव्हती.

तुम्ही त्यांनाही फितवलंत, एवढाच मी त्याचा अर्थ घेते. पुढचं पत्र पाठवू नका, मी फोडणार नाही.

ओ. क्रेस्त्या


लुबेर, २ मे १९७४

सोलांज,

तुम्हाला लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. लिहायला दुसरं कुणी नाही.

परवा तुलूझहून एक गृहस्थ आले होते. जुन्या इमारतींची तपासणी करतात, सरकारने छपरासाठी पाठवलेले. तरुण आहेत, दाढीवाले, बोलायला नम्र. छप्पर पाहून झाल्यावर मी त्यांना उत्तरेच्या भिंतीशी नेलं. पार्दोने दगड निम्मे काढले आहेत आणि शिळा तिथेच टेकवून ठेवली आहे, घडवून तयार. ते बराच वेळ शिळा वाचत राहिले. सहा शब्द आहेत, त्याला एवढा वेळ कशाला?

मग म्हणाले, "हे कुणी लिहायला सांगितलं?"

"मी."

"तुमचं आडनाव, मादमोझेल?"

"शिळेवर आहे तेच."

आणि सोलांज, त्यांनी माझ्या कानांकडे पाहिलं.

लगेच नजर काढून घेतली, कान लाल झाले ते त्यांचेच, आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता. म्हणाले, "तुम्ही हे असं उघडपणे लावताय, याला फार धीर लागतो. मला तुमचं कौतुक वाटतं." मी विचारलं, "धीर कशाला लागतो?" तेव्हा ते फादरांसारखेच काहीतरी हवामानाचं बोलून गाडीत बसले.

रात्री मी आरसा घेऊन बसले. माझे कान लहान आहेत. खाली लोंबत नाहीत, गालाला चिकटलेले आहेत. वडिलांचे तसेच होते. ल्युस्यांचेही. यात काय आहे?

मादाम लाबोर्दने पाहिलं तेच त्याने पाहिलं. फादरांना माहीत आहे. तुला माहीत आहे. म्हणजे माझ्या कानांत काय आहे, हे मी सोडून सगळ्यांना माहीत आहे.

मला जपण्याचा आव आणू नकोस. मला जपणारी माणसं नको आहेत, मला सांगणारं माणूस हवं आहे. लिही.

ओदील


बोर्दो, ७ मे १९७४

ओदील,

ल्युस्यांला दिलेला शब्द मी आज मोडते आहे. हे पत्र बसून वाच.

आपल्या या मुलखात पूर्वी एक जात होती. गावाबाहेर, ओढ्यापलीकडे राहायची. ठिकठिकाणी त्यांना निरनिराळ्या नावांनी हाक मारत, बहुतेक नावं शिव्याच होती. आपल्या खोऱ्यात त्यांना म्हणायचे क्रेस्त्या. ख्रिस्ती. मला वाटतं, "तेही ख्रिस्तीच आहेत म्हणे", अशा अर्थाने. ज्याच्याबद्दल शंका असते त्यालाच असं म्हणावं लागतं. बाकीच्यांना कुणी ख्रिस्ती म्हणून हाक मारत नव्हतं.

त्यांनी शिवलेलं कुणी खात नसे. गावाच्या झऱ्यावर त्यांना पाणी भरता येत नसे. रस्त्यावर अनवाणी चालायची बंदी, जमीन विटाळेल म्हणून. चर्चमध्ये मोठ्या दाराने यायचं नाही. त्यांच्यासाठी उत्तरेला वेगळा दरवाजा, आणि तो मुद्दाम बुटका, म्हणजे आत येताना वाकलंच पाहिजे. त्यांचं बोट ज्या पाण्यात बुडलं त्यात दुसऱ्याचं बुडू नये म्हणून वेगळं कुंड. पाव काठीच्या टोकाने, म्हणजे पाद्र्याच्या हाताला त्यांचा हात लागणार नाही. आणि सगळ्यांना लांबून ओळखता यावं म्हणून छातीवर लाल कापडाचं बदकाचं पाऊल शिवायचं. ते चिन्ह होतं, ओदील. पण घराण्याने घेतलेलं नव्हे.

हे सगळं का, ते कुणाला माहीत नाही. मी मिळेल ते वाचलं. कुणी म्हणतं महारोग्यांची पोरं, कुणी म्हणतं हरलेल्या कुठल्याशा सैन्याचे वंशज. त्यांना रोग नव्हता. भाषा हीच, देव हाच, तोंडंही इतरांसारखीच. म्हणूनच तर ते पाऊल शिवायला लावलं असणार, नाहीतर ओळखणार कसं? आणि मग लोकांनी खुणा शोधून काढल्या. त्यांच्या अंगाला वास येतो. त्यांच्या कानाला पाळी नसते.

लाकडातून रोग पसरत नाही असा समज होता, म्हणून त्यांना लाकडाचंच काम करता येई. तुमचे सगळे सुतार त्यातून आले. ते छप्पर त्यांनी बांधलं, आणि बांधून झाल्यावर त्याच्याखाली बसायला ते वाकून, मागच्या अंधारात यायचे.

कायद्याने हे सगळं आपल्या पणजोबांच्याही आधी संपलं. दरवाजा बुजवला, लोक विसरले. काही म्हाताऱ्या विसरल्या नाहीत. तुझी आजीही विसरली नसावी. तिने तुला जे सांगितलं, ते मी कितीदा मनात फिरवून पाहिलं आहे. काठीवरचा पाव, "आम्हाला उठायला लागू नये म्हणून". कुठल्यातरी आईने हे कधीतरी आपल्या मुलीला पहिल्यांदा सांगितलं असेल. मूल विचारत असेल, आपल्यालाच काठीने का देतात? ती बाई काय बोलणार होती? मला वाटतं, तुमच्या घराण्यात एवढी हुशार बाई दुसरी झाली नसेल. तिने एकेक अपमान उचलला आणि त्याचा मान करून मुलीच्या हाती दिला.

ल्युस्यांला हे तुमच्या वडिलांनी सांगितलं. तुमच्याकडे मुलग्यांना सांगायचे, मुलींना नाही. त्याने मला लग्नाआधी पुलावर सांगितलं, आपल्याला क्षय आहे असं सांगावं तसं. मी हसले. "एवढंच?" म्हणाले. तो रडला. मग म्हणाला, "ओदीलला कळता कामा नये. तिने ते पाऊल माझ्या रुमालांवर भरलंय." युद्धावर जाताना तो तेच रुमाल घेऊन गेला.

मादाम लाबोर्दला मी काही सांगितलेलं नाही. नॅपकिन कुणी मांडले होते, दरवाजाचं कुणी सांगितलं, ते तूच लिहिलं आहेस.

आणि आता माझं. तू इतकी वर्षं माझ्या टेबलाशी जेवली नाहीस. नाताळात ल्युस्यां एकटा तुझ्याकडे येऊन एकटा परत यायचा आणि विचारलं की म्हणायचा, "थकली होती ती." त्याला पुरताना तू खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिलीस. मी एका वाक्यात हे सगळं मिटवू शकले असते आणि मिटवलं नाही, तुझ्यासाठी. त्याबद्दल मी तुझ्यावर मरेपर्यंत चिडलेली राहीन.

सोलांज


बोर्दो, ५ जून १९७४

ओदील,

तुझं उत्तर नाही. फादरांनी कळवलं की सांभाळायला तुझ्याकडे असलेली चर्चची किल्ली तू कुणाला देत नाहीस, दोन रविवार मिस्सा शाळेच्या पटांगणात झाली, आणि तू आतून कडी लावून बसतेस. दार वाजवलं तर म्हणतेस, "कोण आहे ते माहीत आहे, जा."

निदान मला शिव्या तरी लिही.

सोलांज


लुबेर, २६ जून १९७४

सोलांज,

शिव्या आधी देते.

तुम्ही दोघं, नवरा-बायको, माझ्या हातच्या नॅपकिनांना तोंड पुसत होतात आणि दोघांना माहीत होतं. मी दर नाताळात नवे सहा भरून पाठवायची. तुम्ही ते उलगडताना एकमेकांकडे बघत असाल. काय होतं तुमच्या तोंडावर? कीव? मी तुझा राग केला, तो निदान बरोबरीच्या माणसाचा केला. तू माझी कीव केलीस. मादाम लाबोर्दने माझे कान एकदाच चाचपले. तुम्ही दोघांनी ते जन्मभर हलक्या हाताने धरून ठेवलेत. हे मी विसरणार नाही, तेव्हा तूही खुशाल चिडलेली राहा.

आता चर्चचं. होय, मी कडी लावून बसले होते. पहिल्या दिवशी शिळा फोडायची म्हणून हातोडी घेऊन गेले. मग म्हटलं, आधी बसू. कुठे बसावं ते कळेना. जन्मभर पुढच्या रांगेत बसले, आता मागे बसून पाहिलं. तिथून वेदी दिसतच नाही, खांब मध्ये येतो. दिसतं ते फक्त छप्पर. मान वर करून बघत राहिले. एवढा मोठा लाकडाचा पसारा, आणि सगळे सांधे खुंटीचे, लोखंडाचा एक खिळा नाही. ल्युस्यां दाखवायचा तेव्हा मी ऐकल्यासारखं करायची. हातचं पाणी नको, पण हातचं छप्पर डोक्यावर चालत होतं सगळ्यांना. शेकडो वर्षं. मला खूप राग आला आणि तो राग आल्यावर बरं वाटलं. त्याआधी नुसती लाज वाटत होती, आणि लाज मला कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

शिळा फोडली नाही. पार्दोला म्हटलं, दगड उलटा कर आणि मागच्या बाजूला नवं कोर. तो म्हणाला, "मादमोझेल, काय कोरू ते तरी ठरवा, दगडाला दोनच बाजू असतात." मी लिहून दिलं: "हे छप्पर क्रेस्त्यांनी बांधलं. ते या दाराने आत येत." वर बदकाचं पाऊल, होतं तेवढंच मोठं. आणि ती मोठ्या दाराशी नाही, उत्तरेच्या दाराशी बसवली. पार्दो दरवाजा उंच करून देऊ का म्हणत होता, सोयीचं होईल म्हणून. मी नको म्हटलं.

फादर खूप घाबरले होते. "लोक काय म्हणतील, ओदील?" मी म्हटलं, "पीचचं काहीतरी म्हणतील."

सणाच्या दिवशी मी सगळ्यांसमोर बिशपना सांगितलं, मोठा दरवाजा आज बंद आहे, किल्ली माझ्याकडे आहे. हे घर ज्यांनी बांधलं त्यांच्या दाराने या. बिशप उंच माणूस. टोपी काढूनही कपाळ आपटलं त्यांचं. त्यांच्यामागून सगळं लुबेर वाकून आत आलं. गुडघ्यांवर हात ठेवून, एकमेकांना धरून, काही हसत होते, काही नाही. मी सगळ्यांच्या मागून शेवटी आले. माझी उंची बेताची आहे. तरी वाकले.

मादाम लाबोर्दला नातवंडांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. नव्वदीची झाली, डोळे जवळजवळ गेलेले. पहिल्या रांगेत तिच्याशेजारची जागा रिकामी होती. मी तिथे जाऊन बसले. बिशप बोलत होते. मी तिचा हात घेतला. हलका, कोरडा हात. तो उचलला आणि माझ्या कानाला लावला. मनात वाक्य तयार होतं. कित्येक दिवस मी ते त्या छपराखाली बसून घासून ठेवलं होतं.

तिने कान चाचपला. दोन बोटांनी, तसाच. मग म्हणाली, "केवढे गार पडलेत गं कान तुझे. डोक्याला काही बांधत का नाहीस?"

मी तिचा हात खाली तिच्या मांडीवर ठेवला.

"कुणाची तू?"

"क्रेस्त्यांची."

"हां, सुतारांची," ती म्हणाली. खिशातून पेपरमिंटची गोळी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली. तिच्या हातांनी. मग झोपून गेली. तिला काही आठवत नाही, सोलांज. मी तिचा तो हात इतकी वर्षं कानावर घेऊन फिरले, आणि ती त्याच संध्याकाळी घरी जाऊन सूप ढवळायला लागली असेल.

गोळी मी खाल्ली. जुनी होती, चव गेलेली.

तुझी पुस्तिका वाटली. छपराची दोन पानं चांगली आहेत. दरवाजाचं पान आता तू लिहायचं आहेस, मला सांगितलंस तसंच. काठीवरचा पाव आजीच्या शब्दांत घाल आणि त्याच्याखाली तुझ्या. त्या पहिल्या बाईचंही लिही. तिचं नाव नाही आपल्याकडे, तरी लिही.

येत्या रविवारी मिस्सा साडेदहाला आहे. नंतर माझ्याकडे कोबीचं सूप आणि केक. केक बसेल, तुला माहीतच आहे. नॅपकिन तेच असतील, ते मी उसवणार नाही.

मोठा दरवाजा उघडा असेल, पण तू उत्तरेच्या दाराने ये. तू बिशपांएवढीच उंच आहेस, वहिनी. वाकून ये.

ओदील